कोपराच्या वरचा हात

आधीच सांगून ठेवते, मी यंत्रांच्या विरुद्ध नाही. आमच्याकडे भांडी यंत्र घासतं, कपडे यंत्र वाळवतं आणि घड्याही घालतं, शिष्यांची लय कुठे पळते तेही मी यंत्रावरच तपासते. पण हात ही गोष्ट वेगळी. माझे हात मी आता कुणाला भाड्यानं द्यायला तयार नाही, आणि का नाही ते सांगायलाच बसले आहे.

मी गार्गी. मिरजेत राहते आणि तबला शिकवते. बाई तबला शिकवते म्हटलं की अजूनही काहींच्या भुवया वर जातात. जाऊ देत, खाली येतात आपोआप, एकदा माझी थाप ऐकली की. घरात माझा नवरा कैवल्य, तो पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर आहे. त्याची आई शिल्पाताई, मी त्यांना आईच म्हणते. आणि आमची अबोली.

अबोली झाली तेव्हा दवाखान्यातून घरी येताना टोपडं, दुपटं आणि आधारबाह्यांची जोडी असं सगळं एकाच पिशवीत मिळालं. त्या काळात सगळ्यांनाच मिळत होतं. आधारबाही म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंत येणारी पातळ कापडी बाही. आतून तिला मोहरीएवढ्या चकत्यांच्या रांगा. त्यातलं विज्ञान मला कैवल्यनं चहा पिता पिता समजावलं होतं. आपला मेंदू हाताला निरोप धाडतो तो विजेच्या बारीक लहरींनी. लहर स्नायूत पोचली की स्नायू आखडतो आणि बोट हलतं. आता तीच लहर मेंदूऐवजी बाहेरून, कातडीवरून दिली, तरी स्नायूला काय कळतंय कुणी दिली ते? तो आखडतोच. कुठल्या स्नायूला कधी आणि किती लहर द्यायची हे नेमकं जमलं, की माणसाचा हात माणसाला न विचारता काम करू शकतो. मुलाच्या पायातल्या पैंजणात एक दाणा बसवलेला असायचा. मुलाचा श्वास, नाडी, रडणं, खोकणं, सगळं तो ऐकायचा. मूल पडलं, भाजलं, बुडालं की दाणा बाहीला कळवायचा आणि बाही आईबापांचे हात ताब्यात घेऊन प्रथमोपचार करायची. आईबाप घाबरतात, यंत्र घाबरत नाही, असा सगळा हिशेब होता.

आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीला तो हिशेब बरोबरच निघाला.

अबोली रांगत होती तेव्हाची गोष्ट. मी स्वयंपाकघरात होते, बाहेर टेबलावर कैवल्यचा चहा. पोरीनं टेबलावरचं कापड ओढलं आणि गरम चहा तिच्या हातावर सांडला. तिची किंकाळी ऐकून मी धावले आणि तिथेच थिजले. आई हळदीचा डबा आणायला पळाल्या. जाता जाता कैवल्यला म्हणाल्या, टूथपेस्ट आण, थंड वाटतं. कैवल्य म्हणाला बर्फ. तिघांची तीन तोंडं, आणि तेवढ्यात माझे हात उठले. मी उठवले नव्हते. डाव्या हातानं अबोलीला काखेत घेतलं, उजव्यानं तिच्या मनगटातलं चांदीचं वाळं सरकन काढलं, कारण हात सुजला की ते रुतलं असतं. मग दोन्ही हातांनी तिचा हात नळाखाली धरला. साध्या नळाच्या पाण्याखाली. मनगटातून एक शांत आवाज म्हणाला, घाबरू नका, पाणी चालू ठेवा. मला वाटलं आता पुरे, हात मागे घ्यावा. हात हलेना. किती तरी वेळ ते पाणी वाहत राहिलं. शेवटी माझ्याच हातांनी स्वच्छ सुती कापड त्यावर सैलसर टाकलं आणि आम्ही दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, छान केलंत, हळद लावली असतीत तर मला आधी ती धुवावी लागली असती. आईंनी घरी येऊन डबा गुपचूप फडताळात ठेवला.

अबोलीच्या हातावर डागसुद्धा राहिला नाही. सगळ्यांनी माझं कौतुक केलं आणि मला मात्र आतून कडू कडू झालं. शाबासकी माझ्या हातांना मिळाली होती, मला नाही. रात्री कैवल्यनं विचारलं की आधी वाळं काढलं की आधी नळ सोडला, आणि मला आठवेना. तबल्यात आम्ही म्हणतो, बोल हातात बसला पाहिजे. इथे बोल वाजला होता पण हातात काहीच बसलं नव्हतं. उद्या बाही धुवायला टाकलेली असताना पोर भाजली तर मी परत तिथेच थिजणार, हे मला लख्ख दिसलं.

मग मी ठरवलं, बाहीकडूनच शिकायचं. दवाखान्याच्या त्या पिशवीत एक कापडी बाहुलीही आली होती, सरावासाठी. लोक ती एकदा वापरून माळ्यावर टाकायचे. मी ती खाली काढली. शिष्य गेले की रोज बाही चढवून बाहुलीवर एकेक प्रसंग घ्यायचा. भाजणं, पडणं, नाकातून रक्त, घशात काही अडकणं. बाही हात चालवायची आणि मी माझ्याच हातांकडे टक लावून बघायची, गुरू समोर बसून वाजवतो तसं. मग बाही काढायची आणि तेच पुन्हा करायचं. चुकायची, परत बाही चढवायची. सगळ्यात जास्त घोटला तो घशात अडकल्याचा प्रसंग. मूल खोकत असेल तर हात लावायचा नाही, खोकू द्यायचं. खोकला बंद असेल, आवाज फुटत नसेल, तर उशीर नाही. वर्षावरच्या मुलाला मांडीवर पालथं घ्यायचं, डोकं खाली, हनुवटीला आधार, आणि दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताच्या टाचेनं पाच ठोके. जोरदार, गोंजारल्यासारखे नाही. त्यानं नाही सुटलं तर पुढे पोटावर दाब. तोंडात आंधळेपणानं बोट घालायचं नाही, दिसणारी वस्तूच काढायची.

कैवल्य हसायचा. लिफ्ट असताना जिने का चढतेस म्हणायचा. मी म्हणायची, वीज गेली की विचारीन तुला. आई मात्र दारात उभ्या राहून बघायच्या आणि बिचाऱ्या बाहुलीला इतकं मारू नकोस म्हणायच्या. बाहुलीची पाठ शेवटी उसवली, ती मी शिवली आणि परत ठोकली.

अबोली चालायला लागली तेव्हा बाहीची नवी आवृत्ती आली. कळलंही नाही, एक दिवस आपोआप आली. कळलं ते जेवताना. अबोलीला वरणभाताचा ठसका लागला, माझा उजवा हात आपणहून उठला, तिच्या टाळूवर जाऊन थाप थाप थोपटू लागला, आणि मनगटातून आवाज आला, वर बघ बाळा, वर बघ. अगदी आईंच्या सुरात. आमच्याकडे ठसका लागला की असंच करतात. डोक्यावर थापटायचं आणि वर बघ म्हणायचं, चिमणी गेली बघ म्हणायचं. माझ्या आजीनं केलं, आईनं केलं, आईंनी कैवल्यला केलं. अबोली खोकत खोकत वर बघू लागली आणि ठसका थांबला. आईंचा चेहरा असा खुलला की विचारू नका. हळदीच्या डब्याचा अपमान त्या विसरल्या नव्हत्या. म्हणाल्या, आलं ना शेवटी यंत्रसुद्धा माझ्याच वळणावर? आम्ही सगळे हसलो. मीही हसले, पण घास गिळताना मला चैन पडेना.

दुसऱ्या दिवशी मी आधारबाहीच्या मदतकेंद्राला विचारलं. तिकडच्या मुलीनं अगदी गोड भाषेत समजावलं. पहिली आवृत्ती डॉक्टरांनी बसून लिहिली होती, ठरावीक. नवी आवृत्ती घराघरांतून शिकते. लाखो घरांत मुलांना काय होतं, मोठी माणसं काय करतात आणि पुढे मूल बरं होतं का, हे सगळं तिला दिसतं. ज्या कृतीनंतर मुलं बरी होतात ती कृती ती उचलते आणि सगळ्या बाह्यांना देते. म्हणजे आपल्या लोकांचं शहाणपण आपल्यालाच परत, असं ती म्हणाली. ऐकायला फार छान होतं. पण मला वाटलं, पोर खोकत होती, ती खोकून मोकळी झाली. हात डोक्यावर होता म्हणून नव्हे, हात डोक्यावर असताना. कोंबडं आरवतं म्हणून का दिवस उगवतो? हे मी कैवल्यला सांगितलं. तो म्हणाला, लाख घरांपेक्षा तुला जास्त कळतं का? त्यावर आमचं भांडण झालं, ते दोन दिवस चाललं. बाही टाकून देणंही शक्य नव्हतं. बाही न घालणाऱ्या घरच्या मुलाला पाळणाघर घेत नव्हतं, आणि माझे वर्ग तर सकाळपासून.

मग आला संक्रांतीचा महिना आणि अबोलीचं बोरन्हाण.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. लहान मुलाला काळे कपडे घालायचे, हलव्याचे दागिने चढवायचे, पाटावर बसवायचं, ओवाळायचं आणि डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, रेवड्या असं सगळं ओतायचं. भोवतीच्या पोरांनी ते वेचायचं. गोड सोहळा आहे, पण बाहुली ठोकून ठोकून माझी नजर बिघडली होती. मला त्या ताटात फक्त घशात अडकण्याजोग्या वस्तू दिसत होत्या. मी म्हटलं चुरमुरे ओता, बाकी काही नको. आई म्हणाल्या, बोरन्हाणात बोर नाही म्हणजे लग्नात नवरा नाही. शेवटी तह झाला. शेंगदाणे, रेवड्या, गोळ्या नाहीत. बोरं थोडीच, आणि ओतल्यावर लगेच वेचून घ्यायची.

मला वाटलं मोठी बोरं आणतील. आईंनी बाजारभर फिरून लहान गावठी बोरं शोधून आणली होती. का, तर मोठी बोरं नातीच्या डोक्याला लागतील म्हणून. मायेनं निवडून निवडून आणलेली, गोल, गुळगुळीत, बरोब्बर पोराच्या घशाच्या मापाची. मी ओवाळण्याच्या तयारीत होते आणि ताटावर चुरमुऱ्यांचा ढीग होता, त्यामुळे ती दिसली नाहीत.

दुपारची वेळ. घरात शेजारपाजारच्या बायका, पोरं, कलकलाट. अबोली काळ्या फ्रॉकात, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हार, अशी राणीसारखी बसली होती. आईंनी वाटीनं ओतलं, पोरांनी झडप घातली, सगळे हसले. मी तिच्याजवळ मांडी घालून बोरं वेचायला लागले आणि माझ्या हातात पहिलं बोर आलं. ते केवढंसं आहे ते बघून मी मान वर केली.

अबोली तोंड उघडून बसली होती. रडत नव्हती, खोकत नव्हती. नुसतं तोंड उघडं आणि डोळे मोठे. एवढ्या कलकलाटात मला तिचं गप्प असणं ऐकू आलं.

बाह्यांचा नियम असा की दाण्याचा निरोप खोलीतल्या सगळ्याच बाह्यांना जायचा, मुलाच्या सगळ्यात जवळ जी असेल तिनं पुढाकार घ्यायचा आणि बाकीच्यांनी तयार राहायचं. जवळ मी होते. मी तिला उचलायला गेले आणि माझा उजवा हात तिच्या डोक्यावर गेला. मुकुटावरच थाप थाप थाप. मनगटातून आवाज, वर बघ बाळा, वर बघ. त्याच क्षणी खोलीतल्या सगळ्या बायकांचे उजवे हात अर्धे वर आले आणि तसेच थांबले. त्या स्वतःच आपल्या हातांकडे बघत राहिल्या. आई पुढे वाकून म्हणत होत्या, वर बघ सोन्या, चिमणी बघ. आणि माझी पोर, गुणाची पोर, वर बघत होती. तिच्या ओठांचा रंग बदलत होता.

मी हात मागे ओढला, बोटं वळवायला गेले. वळेनात. मनगट हलेना, म्हणजे हलत होतं, पण बाहीच्या तालावर. बाही ओढून काढायला दुसरा हात हवा, तर तो अबोलीच्या हनुवटीला धरून तिचं तोंड वर करत होता. कैवल्य धावत आला, त्याला वाटलं मी घाबरून झटापट करतेय. तो ओरडला, "गार्गी, बाहीला करू दे."

मी केलं नाही. त्या वेळी मला राग आला होता, भीती नंतर आली. बाही कोपरापर्यंतच होती. मनगट तिचं, बोटं तिची, पण दंड माझा, खांदा माझा. मी मांडी घालून बसले होते ती एक गुडघा उभा केला, डाव्या कोपरानं अबोलीला रेटून त्यावर पालथं पाडलं, आणि तिची हनुवटी वर करणारा डावा हात खाली दाबून टाकला. डोकं खाली आलं. मुकुट सुटून पडला. आवाज म्हणाला, कृपया बाहीला विरोध करू नका. उजवा हात हवेतच थापटत होता, आता खाली डोकं नव्हतं, पाठ होती. पण ती थाप गोंजारल्यासारखी, तिनं काय होणार.

तेव्हा मला ती लय ऐकू आली. बाही एका लयीत थापटत होती, जराही न चुकता. थाप देताना बोटं खाली यायची. पुढच्या थापेसाठी बोटं वर उचलायची तेव्हा मनगट मागे मोडायचं आणि तळहाताची टाच पुढे यायची. तालात आम्ही त्याला खाली म्हणतो, जिथे टाळी पडत नाही ती मोकळी जागा. मी त्या खालीच्या जागेवर खांद्यातून ठोका घातला. टाच पाठीवर बसली. एक. बाहीची थाप जाऊ दिली. पुन्हा खाली, पुन्हा खांद्यातून. दोन. तीन. माझ्या शिष्यांना मी ओरडते, जोर बोटात नाही, खांद्यात असतो, आणि ते ऐकत नाहीत. चार. पाठीवर हलव्याच्या हाराचे मणी फुटत होते.

पाचव्याला बोर पडलं. चुरमुऱ्यांवर टप्पकन पडलं, साल जराशी फाटलेलं. आणि मग अबोलीनं जो टाहो फोडला, तसा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. रडू दे, मी म्हटलं, रडू दे तिला.

बाहीची पकड लगेच सुटली. मूल रडलं म्हणजे श्वास आला, तिचं काम झालं. वर गोड आवाजात म्हणाली, छान, मूल बरं झालं. यंत्रावर रागवू नये म्हणतात. मी दोन्ही बाह्या काढून भिंतीवर फेकल्या. मग आम्ही अबोलीला दवाखान्यात नेलं, कारण अडकलेलं निघालं तरी आत काही राहिलंय का, मार लागलाय का, ते डॉक्टरनंच बघायचं असतं. काही नव्हतं. रिक्षात येताना ती भीती आली, आणि मी माझे दोन्ही हात उलटेपालटे करून बघत बसले. कैवल्यनं ते धरून ठेवले. काही बोलला असता तर मी त्याला रिक्षातून उतरवलं असतं.

चार दिवसांनी बाहीकडून सूचना आली की आमच्या घरी पालकाने उपचारात अडथळा आणला, तरीही उपचार यशस्वी झाला. ते वाचून कैवल्य पांढरा पडला. त्याच्या लक्षात माझ्याआधी आलं की अबोलीचं वाचणंसुद्धा आता थापटण्याच्या खात्यावर जमा झालं होतं. बाही त्यातूनही शिकली असणार, आणि आणखी पक्की झाली असणार. तो म्हणाला, चल पुण्याला.

तिथे आधारबाहीच्या कचेरीत बाहीला शिकवण्याचा विभाग सबनीस नावाचे गृहस्थ बघत होते. सभ्य माणूस, चहा पाजला, अबोलीची चौकशी केली. मग म्हणाले की ठसक्याच्या प्रसंगांत बाहीला शंभरातल्या नव्याण्णवांहून जास्त वेळा यश येतं, आणि एका घरच्या अनुभवावरून एवढं सगळं बदलता येत नाही.

मी म्हटलं, "ते यश बाहीचं नाही, खोकल्याचं आहे. जे मूल खोकतं ते खोकून बरं होतं, तुम्ही डोक्यावर थापटा नाहीतर समोर उभं राहून भजन म्हणा. तुम्ही आमच्या आज्यांचा हात शिकलात. त्या हाताला माया होती, औषध नव्हतं."

ते काही तरी बोलणार होते. कैवल्यनं त्यांना थांबवलं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की सगळे ठसके एका पोत्यात भरू नका. पैंजणातल्या दाण्यानं खोकल्याचा आवाज ऐकला ते वेगळे काढा, आणि आवाजच नव्हता ते वेगळे काढा. मग त्या दुसऱ्या ढिगात थापटून किती बरे झाले ते बघा. सबनीसांनी आमच्यासमोरच ते केलं. माणसाला श्रेय द्यायला हवं, टाळलं नाही. पडद्यावर जे आलं ते बघून त्यांनी तोच हिशेब परत एकदा करून बघितला. चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो आकडा मी सांगणार नाही, कारण त्यातल्या प्रत्येकाला एक घर आहे. गप्प बसलेली मुलं थोडी होती. खोकणाऱ्या लाखो मुलांच्या गर्दीत यंत्राला ती दिसलीच नव्हती.

त्या आठवड्यातच घशात अडकण्यासाठी डॉक्टरांची जुनी पद्धत सगळ्या बाह्यांत परत घातली गेली. ते झालं. मी आणखी एक मागितलं होतं, की बाही देण्याआधी घरच्या माणसांना बाहीशिवाय शिकवा, मगच द्या. त्यावर विचार करू म्हणाले. विचार करू म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. मी वाट बघत बसले नाही. रविवारी तबल्याचा वर्ग बंद ठेवला आणि त्याच खोलीत बाहुली मांडली. दाराशी खुंट्या ठोकल्या. ज्याला आत यायचं त्यानं बाह्या खुंटीला टांगायच्या, मग तो कुणी का असेना. पहिल्या रविवारी तिघी आल्या. नंतर जागा पुरेना. बाप यायला लागले, आजोबा आले. आम्ही बाही घालणार नाही, तरी अबोलीला घ्या, म्हणून पाळणाघराच्या बाईंशी मी इतक्या वेळा भांडले की शेवटी त्याच शिकायला आल्या.

आई मात्र येत नव्हत्या.

बोरन्हाणाच्या दिवसापासून त्या बदलल्या होत्या. अबोलीला भरवायच्या नाहीत, मांडीवर घ्यायच्या नाहीत, ती लाडात आली की कैवल्यकडे सरकवायच्या. देवापुढे दिवा लावताना पूर्वी नातीच्या डोक्यावरून हात फिरवायच्या, तेही बंद. माझा त्यांच्यावर राग नव्हता असं मी म्हणणार नाही. होता, चांगला सणकून होता. पण बाजारभर फिरून लहान बोरं शोधणारी ती बाई माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती, आणि तिच्यावर किती दिवस रागवणार? एका रविवारी मी त्यांच्या खोलीत गेले आणि बाहुली त्यांच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, चूक मायेची होती, पण शिकावं तर लागेल. त्या म्हणाल्या, "माझ्या हातांचं आता काही सांगू नकोस."

मी हललेच नाही. त्यांनी मला चहा विचारला, मी नको म्हटलं. शेवटी त्यांनीच बाहुली पालथी घातली. पहिला ठोका इतका हळू की माशी उडाली नसती. मी म्हटलं, आई, खांद्यातून. दुसरा जरा बरा. मग काय झालं कुणास ठाऊक, त्या ओठ घट्ट मिटून ठोकतच राहिल्या, बाहुलीची शिवण पुन्हा उसवेपर्यंत. पुढच्या रविवारी त्या सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. आता नव्या बायकांना नळाखाली हात किती वेळ धरायचा ते त्याच सांगतात, आणि हळदीचा डबा म्हणजे आमटीचं सामान, औषधाचं नाही, हेही वर सुनावतात.

तरी अबोलीच्या डोक्याला त्या हात लावत नव्हत्या.

परवा जेवताना ठेचा मला जरा जास्तच झाला आणि असा ठसका लागला की डोळ्यांपुढे काजवे. समोर बसलेल्या आई झटकन उठल्या, त्यांचा उजवा हात माझ्या डोक्याकडे आला आणि मध्येच हवेत थांबला. बोरन्हाणात त्या बायकांचे थांबले होते तसा. फक्त या हातावर बाही नव्हती. त्यांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं.

"खोकतेयस ना?" त्या म्हणाल्या. "मग खोक. मी आहे इथे."

हात मागे घ्यायला लागल्या. मी खोकता खोकताच तो मनगटाला धरला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

"खोकायचं ते मी खोकते, आई. तुम्ही हात राहू द्या."

तो हात आधी नुसताच पडून होता. मग थापटायला लागला, हळू, जुन्या लयीत. अबोली पाटावरून उठून आली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मोठ्या माणसासारखी म्हणाली, आई, वर बघ.

मी वर बघितलं. ठसका मला लागला होता आणि डोळे आईंचे वाहत होते.